मुलांच्या मनगटाचा अस्थिभंग : शस्त्रक्रिया आणि नंतरची काळजी

झाडावरून किंवा सायकलवरून पडताना मूल स्वाभाविकपणे हात पुढे करते. शरीराचा भार तळहातावर येतो आणि मनगटालगतचे हाड मोडते. मुलांच्या अस्थिभंगांत हा प्रकार सर्वाधिक आढळतो. वेळीच योग्य उपचार मिळाल्यास बहुतेक मुलांचा हात पूर्ववत होतो. उपेक्षा किंवा चुकीची बांधणी झाल्यास मात्र कायमचे अधूपण येण्याचा संभव असतो.

वाढते हाड

मुलाचे हाड लवचीक असते. ते कधी नुसते दबते, कधी ओल्या फांदीप्रमाणे एका बाजूस चिरते, तर कधी त्याचे दोन तुकडे होतात. हाडाच्या टोकाशी कूर्चेची एक पट्टी असते व तेथूनच हाडाची लांबी वाढते. कोपरापुढील, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाची सुमारे ७५ ते ८० टक्के वाढ मनगटाजवळील पट्टीतून होते. या वाढीमुळे लहान वयात थोडा बाक आपोआप सरळ होतो. परंतु पट्टीस गंभीर इजा झाल्यास हाड आखूड किंवा वाकडे वाढू शकते.

शस्त्रक्रिया केव्हा?

बहुसंख्य मुलांना प्लॅस्टर पुरेसे होते. हाड सरकले असल्यास भूल देऊन ते बाहेरूनच जुळवितात. जुळविलेले हाड जागी राहत नसेल, तर त्वचेतून एक-दोन बारीक तारा घालून ते स्थिर करतात. जखम होऊन हाड उघडे पडल्यास ती तातडीने शस्त्रक्रियागृहात धुवावी लागते. मुलांचे हाड लवकर सांधते. त्यामुळे आठ-दहा दिवसांच्या विलंबानंतर ते जोराने जुळविणे वाढीच्या पट्टीस अपायकारक ठरू शकते.

घट्ट बांधणीचा धोका

मोडलेल्या हातावर कामट्या आवळून बांधण्याची पद्धत अद्यापि काही ठिकाणी दिसते. सूज वाढली की आत रक्तप्रवाह रोखला जातो आणि सुमारे सहा तासांत स्नायू कायमचे निकामी होऊ लागतात. बोटे आकसून राहण्याच्या या विकृतीचे वर्णन जर्मन शल्यचिकित्सक रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये केले व तिचा संबंध घट्ट बांधणीशी जोडला.

नंतरची काळजी

पहिले दोन-तीन दिवस हात हृदयापेक्षा उंच ठेवावा व बोटे हलवीत राहावी. बोटे निळी, थंड किंवा बधिर झाल्यास, अथवा बोटे सरळ करताना असह्य वेदना झाल्यास त्याच क्षणी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. प्लॅस्टर भिजू देऊ नये. आठवड्याने पुन्हा क्ष-किरण तपासणी करावी, कारण हाड आतल्या आत सरकू शकते. प्लॅस्टर व तारा साधारणतः चार ते सहा आठवड्यांत काढतात. त्यानंतर हात हलका वापरू द्यावा, जोराने मालिश करू नये. धसमुसळे खेळ डॉक्टरांच्या अनुमतीनेच सुरू करावेत. वाढीच्या पट्टीस इजा असल्यास किमान सहा महिने ते एक वर्ष तपासणी चालू ठेवावी.

शिक्षक व पंचायत सदस्यांसाठी

मूल पडल्यास हात ओढू किंवा चोळू नये. बांगडी, अंगठी, दोरा तत्काळ काढावा. पुठ्ठ्याचा आधार सैल बांधून हात झोळीत घ्यावा. भूल द्यावी लागण्याची शक्यता असल्याने खाण्यापिण्यास देऊ नये व शेवटच्या जेवणाची वेळ डॉक्टरांना सांगावी. क्ष-किरणाची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते, हे शाळेत व ग्रामपंचायतीत ठळक लिहून लावल्यास मोलाचा वेळ वाचेल.