लहान दुकानाची पाटी व वेष्टण

व्यापार म्हटला कीं भांडवल, तराजू आणि वही डोळ्यांपुढें येतात. पाटीची आठवण शेवटीं होते. तथापि आमच्या शाळेंतील कित्येक मुलांच्या घरची चूल पापड, मसाले, शिवणकाम अथवा किराणा यांवरच पेटते, आणि अनोळखी गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेल कीं नाहीं हें पुष्कळदां पाटीवरच ठरतें. म्हणून या विषयाचा थोडा विचार करूं.

पाटी प्रथम वाचतां आली पाहिजे. ढोबळ हिशेब असा कीं, दर १० फूट अंतरास अक्षराची उंची १ इंच धरावी. रस्ता ३० फूट रुंद असेल तर पलीकडून जाणारासाठीं ३ इंच हवेत. परंतु देवनागरींत वेलांटी व मात्रा शिरोरेषेच्या वर चढतात आणि उकार खालीं उतरतो. म्हणून हे ३ इंच शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतच मोजावे, व वर-खालीं निराळी जागा सोडावी. नाहीं तर ‘पीठ’ कीं ‘पाठ’ हें लांबून कळत नाहीं. पिवळ्यावर काळें किंवा गडद निळ्यावर पांढरें अक्षर उठून दिसतें. पांढऱ्यावर पिवळें पार बुडतें. मालकाच्या छायाचित्रानें अर्धी पाटी व्यापण्याची हौस आम्हांस तरी पटत नाहीं; गिऱ्हाइकास पीठ हवें असतें. महाराष्ट्रांत २०२२ च्या दुरुस्तीनें लहान दुकानांसही मराठी पाटी आवश्यक झाली असून, तिचीं अक्षरें अन्य लिपीच्या अक्षरांहून लहान असतां कामा नयेत.

आतां वेष्टण. एकोणिसाव्या शतकांत मँचेस्टरहून हिंदुस्थानांत येणाऱ्या कापडावर देवदेवता, हत्ती, वाघ यांचीं रंगीत चित्रें चिकटविलेलीं असत. अनेकांस वाचतां येत नसे. ते चित्रावरून माल ओळखीत. घरगुती मसाल्यासही अशी एकच खूण पुरते, मात्र ती एकदां ठरली कीं बदलूं नये. दर दिवाळीस नवें चित्र छापणारा आपली ओळख आपल्याच हातानें पुसतो. बंद पुडक्यावर बनविणाराचें नांव व पत्ता, निव्वळ वजन, महिना व वर्ष, करांसह किंमत हीं २०११ च्या नियमांप्रमाणें द्यावीं लागतात, आणि तीं हिंदी किंवा इंग्रजींत. मराठी मजकूर त्यासोबत खुशाल द्यावा.

इतकें करूनही माल पडून राहतो, तेव्हां गिऱ्हाइकाच्या मनांत कांहीं शंका असते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें. पुढें लोखंडी नांगर केला. पण लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, व पहिला नांगर खपण्यास सुमारें दोन वर्षें लागलीं असें सांगतात. १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ निघूं लागली, म्हणजे कारखान्यानें गिऱ्हाइकाशीं बोलण्याचें साधनच उभें केलें.

लहान दुकानदारास मासिक काढणें नको. हळदींत भेसळ असेल अशी गिऱ्हाइकास भीति वाटते ना? मग फळीवर अख्ख्या हळकुंडांची बरणी ठेवावी आणि शक्य असल्यास त्याच्यासमोर दळून द्यावी. आठवडाभर कोणी काय विचारलें व न घेतां कोण परतलें हें शाळकरी मुलानें संध्याकाळीं वहींत टिपावें. तोच प्रश्न तीन-चारदां आला, तर त्याचें उत्तर पुढच्या वेष्टणावर छापावें.