साम्याची टक्केवारी : लक्षण की निदान?

परभणी जिल्ह्यातील वैद्य व औषधालयचालक आपले रुग्णानुभव प्रकाशनार्थ पाठवितात, त्यांच्यासाठी लेखाच्या संगणकीय तपासणीचे स्वरूप आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

साम्यशोधक प्रणाली लेखातील शब्दमालिका आपल्या संग्रहाशी ताडून टक्केवारी देते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. श्रेयनिर्देशासह दिलेली अवतरणे मोजणीतून वगळली जातात. म्हणून संहितेतील सूत्र स्थान व अध्याय नमूद करूनच द्यावे. वाग्भटांनीही अष्टांगहृदयाच्या प्रारंभी पूर्वतंत्रांचे ऋण सांगितले आहे.

यंत्रलिखित मजकूर ओळखणारी साधने मात्र शब्दक्रम कितपत अपेक्षित आहे, यावरून केवळ अनुमान करतात. ओपनएआय कंपनीने आपले असे साधन अचूकतेअभावी जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. त्याच वर्षीच्या एका अभ्यासात, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले सरासरी निम्म्याहून अधिक निबंध अशा साधनांनी यंत्रलिखित ठरविले. साधे इंग्रजी लिहिणाऱ्या आपल्या वैद्यबंधूंवरही असा आळ येऊ शकतो.

सारांश, टक्केवारी हे लक्षण होय, निदान नव्हे. रुग्णपत्रिका, औषधयोगाच्या नोंदी व लेखाचे कच्चे खर्डे जपून ठेवावेत. लेखकत्वाचा तोच भक्कम पुरावा होय.