एकट्या शेळीला सोबतीण आणताना

शेळी हा कळपाने राहणारा प्राणी आहे. दावणीला एकटीच असलेली शेळी सतत ओरडते, चारा नीट खात नाही. म्हणून बाजारातून दुसरी शेळी आणून लगेच तिच्याशेजारी बांधली जाते. हे टाळावे. नव्या शेळीबरोबर पीपीआर, खरूज व जंत गोठ्यात येऊ शकतात आणि दोन्ही शेळ्या गमावण्याची वेळ येते.

नवी शेळी किमान २१ दिवस दूर, वेगळ्या जागी बांधावी. चारा-पाण्याची भांडी वेगळी ठेवावीत. घरच्या शेळीचे काम आधी व नवीचे नंतर करावे. ताप, नाका-डोळ्यांतून स्राव, तोंडात व्रण किंवा हगवण दिसताच पशुवैद्यकास दाखवावे. त्यांच्या सल्ल्याने जंतनाशक द्यावे व दोघींनाही पीपीआरची लस टोचून घ्यावी.

त्यानंतर ३-४ दिवस मध्ये जाळी लावून दोघींना शेजारी ठेवावे. मग पोटभर चारा खाल्ल्यावर मोकळ्या जागेत एकत्र सोडावे. सुरुवातीस टकरी होतातच. लहान-मोठेपणा ठरला की थांबतात. गाभण शेळीस मात्र टकरीपासून जपावे. गव्हाणी दोन व अंतरावर ठेवाव्यात. दोघी जवळ बसून रवंथ करू लागल्या, की जोडी जमली असे समजावे.