पाय उचलला की इंजिन का बंद पडते?

कर्जतहून खोपोलीमार्गे लोणावळ्यास जाताना बोरघाट चढावा लागतो. माझे एक सहकारी या घाटात मोटार नेत होते. पुढचा ट्रक वळणावर थांबला, म्हणून त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि इंजिन थरथरून बंदच पडले. चढावर ही नुसती गैरसोय नव्हे. ब्रेक दाबायला मदत करणारा कमी दाब इंजिनच निर्माण करते. ते थांबले की एकदोनदा पेडल दाबेपर्यंत ही मदत पुरते. पुढे पेडल दगडासारखे कठीण होते.

त्यांनी दोष दिला पेट्रोलला. (आपल्याकडे पहिला संशय नेहमी पेट्रोलवरच!) मग प्लग बदलले. थरथर कायम. शेवटी खोपोलीच्या एका फिटरने हवेच्या वाटेवरचा रबरी नळ काढला आणि आतली काळीकुट्ट चकती दाखवली. ती पुसली, आणि इंजिन शांत झाले.

हवेचा इंजिनाशी केवढा संबंध आहे, ते पाहा. १ किलो पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. १ लिटर पेट्रोलचे वस्तुमान अंदाजे ०.७४ किलो, म्हणजे हवा झाली जवळजवळ ११ किलो. हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलो धरली, तर हे आकारमान ९,००० लिटरांच्या वर जाते! इंजिन पेट्रोल पिते त्याहून कितीतरी अधिक हवा पिते. मग तिची वाट आपण कधी पाहतो का?

या वाटेवर थ्रॉटलची गोल चकती असते. पाय उचलला की ती जवळजवळ मिटते आणि कडेच्या फटीतून जेमतेम हवा जाते. समजा, नळीचा व्यास ५० मिमी आहे. परीघ झाला १५७ मिमी. फट ०.२ मिमी असेल, तर हवेला सुमारे ३१ चौरस मिमी जागा मिळते. आता नळीच्या भिंतीवर सगळीकडे ०.०५ मिमी काजळी बसली, तर जवळजवळ ८ चौरस मिमी जागा गेली. म्हणजे पाव हिस्सा! पण चकती पूर्ण उघडली की जागा १,९६३ चौरस मिमी होते; त्यातले ८ गेले तर इंजिनाला पत्ताही लागत नाही. म्हणूनच ही मोटार धावताना ठीक आणि थांबली की आजारी.

ही काजळी येते कोठून? दट्ट्याच्या कड्यांजवळून थोडा वायू खाली तेलाच्या पेटीत निसटतो. तो बाहेर न सोडता एका लहान झडपेतून पुन्हा इंजिनात घेतात. त्याच्यासोबत तेलाची वाफ येते. ही झडपही तुंबते, आणि तिची आठवण कोणालाच नसते.

पूर्वी कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत कार्बुरेटर असे. त्यातली बारीक छिद्रे फुंकून साफ करणे जुन्या चालकांच्या हातचा मळ होता. २००० च्या सुमारास धुराचे नियम कडक झाले आणि संगणकाने पेट्रोल मोजून फवारण्याची पद्धत रुळली. काही गाड्यांत हवा मोजण्यासाठी विजेने तापवलेली तार असते (इतरांत दाबमापक असतो). वाहती हवा तारेची उष्णता नेते; तापमान टिकवायला जेवढी वीज लागते, त्यावरून हवा कळते. तारेवर खडीच्या ट्रकांमागची बारीक धूळ बसली, तर उष्णता कमी जाते. संगणक हवा कमी समजतो, पेट्रोल कमी सोडतो आणि गाडी चढावर आचके देते. ही तार चिंधीने पुसू नये, तुटते. तिच्यासाठी वेगळा फवारा मिळतो.

थ्रॉटल साफ करताना इंजिन थंड हवे, आणि विजेवर चालणारी चकती बोटाने ढकलू नये. आतले दाते मोडतात. आमच्या सहकाऱ्यांची मोटार साफ झाल्यावर मात्र जरा जास्तच जोरात फिरू लागली. संगणकाला मळक्या फटीची सवय झाली होती ना! काही गाड्यांत ही सवय आपोआप सुटते, काहींत मेकॅनिककडून यंत्र लावून सोडवावी लागते.