मुदत खरी असेल तर कारण सांगा

‘शेवटचे दोनच फ्लॅट शिल्लक’ हे वाक्य माझ्यासारख्या जाहिरातीचा मजकूर लिहिणाऱ्यांकडून वर्षभर लिहून घेतलं जातं. ते खरं आहे का, असं विचारलं की ‘तुला धंदा कळत नाही’ हे उत्तर ठरलेलं. ते ऐकून घेण्याचा आता कंटाळा आला आहे, म्हणून हे लिहिते आहे. गिऱ्हाइकाला घाई करायला सांगण्यात मुळात काहीच वाईट नाही. माल संपतो, भाव चढतो, योजनेची तारीख उलटते. हे वेळेवर सांगणं विक्रेत्याचं कामच आहे. पण मुदतीचं कारण मालात किंवा व्यवहारात असावं, विक्रेत्याच्या महिनाअखेरच्या टार्गेटमध्ये नसावं. ते कारण जाहिरातीत उघड सांगता यावं. आणि मुदत उलटल्यावर आलेल्या गिऱ्हाइकाला ‘आता नाही’ म्हणायची विक्रेत्याची तयारी असावी. ही तिसरी अट सगळ्यात महाग पडते, म्हणून खरं-खोटं तिथेच कळतं.

मराठी प्रकाशकांची प्रकाशनपूर्व सवलत घ्या. प्रती किती लागतील याचा अंदाज आधी आला तर कागदाचा आणि छपाईचा हिशेब बसतो, आगाऊ पैशांनी थोडं भांडवल उभं राहतं आणि त्याच्या बदल्यात वाचकाला पुस्तक स्वस्त पडतं. पुस्तक छापून आलं की सवलतीचं कारणच संपतं. इतकी स्वच्छ मुदत दुसऱ्या धंद्यात क्वचित सापडेल. मात्र तेच पुस्तक काही महिन्यांत प्रदर्शनात त्याहूनही स्वस्त मिळू लागलं, तर सगळ्यात आधी विश्वास टाकणाऱ्या वाचकालाच दंड बसतो. पुढच्या वेळी तो पैसे भरत नाही आणि त्याचं चुकतही नाही. घरांच्या बाजारातलं खऱ्या मुदतीचं उदाहरण म्हणजे मुद्रांक शुल्कातली सवलत. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात राज्य सरकारने मुंबईतला दर ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणला, जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये तो ३ टक्के ठेवला आणि १ एप्रिलला पूर्ववत केला. तारखा आधीपासून जाहीर होत्या. नोंदणी कार्यालयांत झुंबड उडाली तेव्हा, मुदतीत शुल्क भरलं असेल तर दस्त नोंदवायला पुढे चार महिने मिळतात, हेही सरकारने लोकांना सांगितलं. त्या दिवसांत ‘३१ डिसेंबरच्या आत शुल्क भरा, ७० लाखांच्या घरामागे २ लाख १० हजार वाचतील’ एवढं लिहिलं की जाहिरात पुरी होत होती. खऱ्या मुदतीला विशेषणं लागत नाहीत.

आता शनिवारची साइट ऑफिसमधली घाई बघा. भिंतीवरच्या तक्त्यात निम्म्याहून जास्त घरांवर लाल टिकल्या. ‘हा रेट आजच्यापुरताच, मॅडम.’ ‘एक पार्टी सकाळीच बघून गेलीय, संध्याकाळी टोकन घेऊन येतेय.’ मग गिऱ्हाइकासमोरच मॅनेजरला फोन लागतो, मॅनेजर आढेवेढे घेतो आणि ‘फक्त तुमच्यासाठी’ रात्री आठपर्यंत भाव धरून ठेवायला तयार होतो. या सगळ्यात घराबद्दल एक अक्षर नसतं. कार्पेट किती, पार्किंगचे वेगळे किती, ताबा कधी, हे विचारायला जो वेळ लागतो, नेमका तोच वेळ काढून घेतलेला असतो. आणि सोमवारी त्याच नंबरवर फोन केला तर तोच रेट मिळतो. मला सगळ्यात जास्त झोंबतं ते हे. ज्याने शनिवारी पोटात गोळा आलेला असताना चेक फाडला, त्याला ही गोष्ट कधी कळतच नाही.

हे चालतं, याबद्दल वाद नाही. मानसशास्त्रज्ञ स्टीफन वर्चेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका बरणीत दहा बिस्किटं, दुसरीत दोनच. बिस्किटं एकाच जातीची. दोनच असलेल्या बरणीतलं बिस्किट लोकांना जास्त हवंसं आणि जास्त किमतीचं वाटलं, पण चवीला जास्त चांगलं वाटलं नाही. खोट्या टंचाईबद्दलचा माझा आक्षेप इथेच आहे. ती मालात भर घालत नाही, फक्त हाव वाढवते, आणि हाव ओसरल्यावर गिऱ्हाइकाच्या हातात तोच माल उरतो. बिस्किटाच्या बाबतीत ते सोसतं, वीस वर्षांच्या कर्जाच्या बाबतीत सोसत नाही.

‘सगळ्यांनाच माहीत असतं, कोणी मनावर घेत नाही,’ हा माझ्या म्हणण्यावरचा पहिला आक्षेप. कोणी मनावर घेत नसेल तर त्या ओळीसाठी पैसे का मोजता? सरकारने तर ती मनावर घेतली आहे: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसवणुकीच्या १३ प्रकारांची यादी दिली, त्यात खोटी घाई आहे. ‘दोनच खोल्या शिल्लक, आत्ता तीस जण बघत आहेत’ अशा धर्तीचं उदाहरणही त्यात दिलं आहे. दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे: लोक चालढकल करतात आणि मग स्वतःच हळहळतात. हे खरं आहे. पण चालढकलीवर उपाय म्हणजे उशीर केल्यास काय गमवाल ते नेमकं सांगणं. वेबसाइटचं पान पुन्हा उघडलं की पहिल्यापासून सुरू होणारं उलट मोजणीचं घड्याळ ते काहीच सांगत नाही. ‘बाकीचे करतात, आम्ही मागे पडू,’ हा तिसरा आक्षेप. बाकीच्यांनी केलं म्हणूनच आज खरी मुदत सांगणाऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. हे नुकसान प्रामाणिक विक्रेता भरतो आहे.

घर घेणाऱ्यांनी ‘दोनच शिल्लक’ ऐकलं की आधी महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावर तो प्रकल्प उघडावा. किती घरं बुक झाली याची माहिती बिल्डरने दर तिमाहीला तिथे भरायची असते. लाल टिकल्यांपेक्षा ती बघा. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही. महारेराच्या नमुना वाटपपत्रात पहिल्या १५ दिवसांत बुकिंग रद्द केल्यास काहीही कापायचं नाही असं आहे, तेव्हा तेच कलम आपल्या पत्रात आहे का ते टोकन देण्याआधी वाचा. घाईत सही करू नये, घरच्यांशी बोलावं, हे तर आहेच. तक्रार करायची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

आणि मजकूर लिहिणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो, शिल्लक घरांचा आकडा तोंडी घेऊ नका. त्या दिवसाची शिल्लक ईमेलवर मागा, मुदतीचं कारणही त्याच ईमेलमध्ये मागा आणि ते आल्यावरच ओळ लिहा. जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून कोणाचं नुकसान झालं, तर रेरा कायद्याच्या कलम १२ खाली बिल्डरला भरपाई द्यावी लागते. मग ‘हे कोणी लिहिलं’ अशी शोधाशोध सुरू होते, आणि त्या वेळी तो ईमेल तुमच्याजवळ असायला हवा.