आधी पूर, मग सूत्र

प्रश्न : मी नागपुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य शाखेला जलविज्ञान शिकवते. या सत्रात माझा विषय ऑनलाइन आहे. साठ मुलं जॉइन होतात, हजेरी लागते आणि मग तासभर माझ्याच आवाजाशिवाय काही ऐकू येत नाही. कार्यशाळेत आम्हाला सांगितलं, ‘प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंग’ करा. पण प्रत्येक धड्यानंतर मी गणितं देतेच की! यात वेगळं काय? आणि मुलं आपापल्या घरी बसलेली असताना ते जमतं का? – एक प्राध्यापिका, नागपूर

उत्तर : मॅडम, तुम्ही गणित देता ते धड्यानंतर. कोणतं सूत्र लावायचं हे तोवर मुलांना ठाऊक झालेलं असतं, लागणारे सगळे आकडेही प्रश्नातच असतात. या पद्धतीत समस्या धड्याच्या आधी येते, तीही अर्धवट माहितीची. आपल्याला काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि ते कुठून मिळवायचं, हे मुलांनीच ठरवायचं.

या पद्धतीला आजचं रूप आलं ते कॅनडातल्या हॅमिल्टन शहरी, मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत, 1969 साली. तिथे व्याख्यानांच्या जागी मुलांच्या छोट्या गटापुढे एका रुग्णाची कहाणी ठेवत. गटासोबत शिक्षक असे, पण तो उत्तर सांगत नसे. त्याच वर्षी, गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. तिथल्या प्रत्येक नव्या तुकडीने एक खेडं दत्तक घ्यायचं, पंधरा दिवस तिथे मुक्काम करायचा आणि वाट्याला आलेल्या कुटुंबांकडे पुढेही जात राहायचं, असा रिवाज पडला. या दोन ठिकाणांचा एकमेकांशी संबंध नव्हता, आणि सेवाग्रामने आपल्या रिवाजाला असलं काही भारदस्त नावही दिलं नाही. पण विहिरीचं पाणी, उघडी नाली आणि घरातलं तापाने फणफणलेलं पोर यांच्याशी गाठ आधी पडली, की नंतर पुस्तक वेगळ्याच नजरेनं वाचलं जातं, हे वर्ध्याच्या त्या मातीत नक्कीच कळलेलं होतं.

सेवाग्रामला मुलांना प्रश्नापर्यंत न्यावं लागे. तुमची मुलं आत्ताच काटोल, उमरेड, रामटेक, मानकापूर, प्रतापनगर अशी पांगलेली आहेत, म्हणजे प्रश्नाच्या जागीच बसलेली आहेत. वर्गात जमलेल्या साठ मुलांना एकच फळा दिसतो, घरी बसलेल्या साठ मुलांना साठ गल्ल्या दिसतात. ऑनलाइन वर्गाचं हे भांडवल आपण हिशेबातच धरत नाही. वर्गातलं व्याख्यान उचलून पडद्यावर ठेवतो आणि मुलं मुकी का, म्हणून हळहळतो.

तुमच्या विषयाला तर समस्या शोधत फिरायचीही गरज नाही. 23 सप्टेंबर 2023ची मध्यरात्र आठवा. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, 1870च्या सुमारास बांधलेला अंबाझरी तलाव सांडव्यावरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेतून उठले ते गुडघाभर पाण्यात. माणसं दगावली. पुढे सांडव्यासमोरच्या विवेकानंद पुतळ्याचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला. मुलांना एवढंच लिहून द्या : ‘पाऊस शहरभर पडला, मग पाणी काही वस्त्यांतच का शिरलं? पुन्हा तेवढाच पाऊस आला तर तुमच्या गल्लीत काय होईल?’ बस्स. त्या दिवशी एकही स्लाइड दाखवू नका.

आठ-आठ जणांचे गट करा. पहिल्या भेटीत अंदाज निघतील : तलावाचा दोष, गाळाचा दोष, महापालिकेचा दोष, सिमेंट रोडचा दोष. सगळं लिहून घ्या, खोडू नका. मग प्रत्येकाला एक काम द्या. आपल्या गच्चीची लांबी-रुंदी मोजायची आणि गच्चीवरचा पाइप कुठे उतरतो ते जाऊन पाहायचं. शंभर चौरस मीटरची गच्ची आणि शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर, उन्हाळ्यात आपण वाट पाहत बसतो तो एक अख्खा टँकर. एक चौरस किलोमीटरवर तेवढाच पाऊस झाला तर असे दहा हजार टँकर. हा आकडा तुम्ही सांगितलात तर मुलं वहीत उतरवतील. त्यांनी स्वतः काढला तर कोणीतरी नक्की विचारेल की सगळेच टँकर नदीत जातात का, काही जमिनीत मुरत असतील ना? कुणाच्या अंगणात माती असेल, कुणाच्या कंपाउंडभर पेव्हर ब्लॉक. कुणाकडे नवा सिमेंट रोड घराच्या उंबऱ्यापेक्षा वर गेलेला असेल. काटोलच्या मुलाचं पाणी शेताच्या धुऱ्यावर अडेल, धरमपेठेतल्या मुलीचं थेट नालीत जाईल.

आता वीस मिनिटं रॅशनल मेथड, म्हणजे पावसातलं किती पाणी वाहून येईल ते काढायचं सूत्र, शिकवा. रनऑफचा गुणांक हा तोवर कोष्टकातला कोरडा आकडा राहिलेला नसतो, काटोल आणि धरमपेठ यांच्यातला तो फरक असतो.

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाने या कामाच्या सात पायऱ्या ठरवल्या आहेत. त्या पाठ करायची गरज नाही, पण दोन भेटींच्या मध्ये मुलांनी एकट्याने शोध घेण्यासाठी त्यांत जी मोकळी जागा ठेवली आहे, ती ऑनलाइन अभ्यासक्रमाला अगदी सोयीची. रोज तासभर लाइव्ह बसवण्यापेक्षा आठवड्यात दोन छोट्या भेटी ठेवा, मधल्या दिवसांत व्हॉट्सॲपवर फोटो आणि व्हॉइस नोट येऊ द्या. ज्याचा डेटा संपतो तोही मग मागे पडत नाही. कॅमेरा सुरू ठेवायची सक्ती मी तरी करणार नाही. एका खोलीत चौघं राहणाऱ्या घरातलं पोर कॅमेरा का बंद ठेवतं, हे आपल्याला कळायला हवं.

रेकॉर्ड केलेली व्याख्यानं द्यावीच लागत असतील, तर आयआयटी मुंबईत सहाना मूर्ती आणि श्रीधर अय्यर यांच्या गटाने ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी केलेलं काम पाहा. त्यांच्या व्हिडिओत मध्येच थांबा येतो, विद्यार्थ्याला काहीतरी लिहायला किंवा ठरवायला लावतात आणि मगच पुढचं बोलणं सुरू होतं. युक्ती साधी आहे, पण चाळीस मिनिटांच्या अखंड प्रवचनापेक्षा कितीतरी बरी.

या पद्धतीवर टीकाही झाली आहे, आणि ती ऐकण्यासारखी आहे. 2006 साली किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तिघांनी एका गाजलेल्या लेखात म्हटलं, की नवशिक्याला फारशा मार्गदर्शनाविना समस्येत सोडलं तर त्याची सगळी शक्ती चाचपडण्यातच जाते. मला हे बऱ्याच अंशी पटतं. म्हणून सगळा अभ्यासक्रम असा करू नका. सत्रात दोन समस्या पुष्कळ झाल्या, त्याही मुलांना मूळ संकल्पना थोड्या आल्यावर. आणि गट अडला की ‘शोधा, शोधा’ म्हणत बसू नका, एखादा नकाशा नाहीतर पर्जन्याचा तक्ता सरकवा. साठ मुलांचे सात-आठ गट एकटीने सांभाळणं म्हणजे डोक्याला ताप, हेही खरं. दर आठवड्याला निम्म्या गटांनाच भेटा, बाकीच्यांना तुमचा लेखी अभिप्राय चालतो.

राहिला गुणांचा प्रश्न, आणि बहुतेक ठिकाणी गाडी इथेच अडते. शेवटी परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांचीच असेल, तर पोरं पहिल्या आठवड्यातच ओळखतात की हा पूरबिर सगळा देखावा आहे, पास करणार ती गाइडच. अंतर्गत गुणांतला मोठा वाटा या कामाला द्या. गटाच्या अहवालाला कमी आणि प्रत्येकाच्या स्वतःच्या नोंदीला जास्त, नाहीतर दोघं राबतील आणि सहा जण नावापुरते राहतील. अहवाल चॅटजीपीटीकडून लिहून आणतील अशी भीती वाटत असेल, तर तोंडी परीक्षेत एवढंच विचारा : तुझ्या गच्चीवरचा पाइप कुठे उतरतो, आणि तिथून पाणी कुठे जातं?