मोगल चित्रांतले युरोपी पाहुणे



अकबर-बिरबलाच्या गोष्टी तुम्हाला माहीत आहेतच. आज त्याच अकबराच्या चित्रशाळेत डोकावू या.

१५८० साली गोव्याहून जेझुइट पाद्री फत्तेपूर सिक्रीला आले. त्यांनी अँटवर्पला छापलेले, अनेक भाषांतले बायबल अकबराला नजर केले. त्यातली छापील चित्रे पाहून दरबारी चित्रकार ती गिरवू लागले. १६०० च्या सुमारास अबुल हसन या साधारण बारा वर्षांच्या मुलाने जर्मन चित्रकार ड्यूररच्या चित्रावरून सेंट जॉन काढला. ते चित्र आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे.

पूर्वी चेहरा म्हणजे एक रेघ आणि आत सपाट रंग. आता खारीच्या केसांच्या कुंचल्याने बारीक ठिपके देऊन गालाचा उंचवटा, डोळ्याखालची सुरकुती दिसू लागली. दूरची झाडे लहान व फिकट झाली. बादशहाच्या डोक्यामागे तेजोवलय आले.

१६१६ साली इंग्लंडचा वकील टॉमस रो याने जहांगीरला एक छोटे चित्र दाखवले. जहांगीरच्या चित्रकाराने त्याच्या पाच नकला केल्या. रात्री मेणबत्तीच्या उजेडात आपले चित्र कोणते, हे ओळखताना रोसाहेबांची पंचाईत झाली!

मग हे चित्रकार नुसते नकलाकार होते का? बिचित्रने काढलेले जहांगीरचे चित्र पाहा. हे वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलादालनाच्या संग्रहात आहे. त्यात पंखवाली युरोपी बालके आहेत, वाळूचे घड्याळ आहे आणि इंग्लंडचा राजा जेम्सही आहे. पण जहांगीर पुस्तक देतो आहे ते सूफी शेखाला. जेम्स उभा आहे तो शेख आणि तुर्की सुलतान यांच्याही खाली. जेम्सचा चेहरा थोडा समोर वळलेला, इंग्रजी चित्रासारखा; जहांगीरचा मात्र एका बाजूने, आपल्या जुन्या रिवाजाप्रमाणे. म्हणजे तंत्र परक्याचे घेतले, पण कोणाला कुठे उभे करायचे हे चित्रकाराने स्वतः ठरवले.

देवाणघेवाण दोन्हीकडून झाली. १६५६ ते १६६१ च्या सुमारास हॉलंडमध्ये रेम्ब्रांटने मोगल चित्रांवरून रेखाटने केली. त्यातली वीसहून अधिक आजही आहेत.

शब्दार्थ : नजर करणे – भेट देणे, वकील – (येथे) राजदूत, पंचाईत – अडचण, रिवाज – चालत आलेली पद्धत.

घरचा अभ्यास : आईचा किंवा बाबांचा चेहरा एकदा समोरून व एकदा बाजूने काढा. कोणत्या चित्रात ओळख लवकर पटते? चार वाक्ये मराठीत लिहून आणा.